चौदाशे चाळीस

फॉर्मची शेवटची तारीख उद्या, संध्याकाळी पाचपर्यंत.
फैजपूर-सावदा रस्त्यावर, मामाच्या वाइंडिंगच्या दुकानात
उघड्या पडलेल्या मोटारींच्या मधे, स्टुलावर बसून
मी कॉलेजांची नावं वरखाली करतेय.
धुळे. जळगाव. पुन्हा धुळे.
बोटांना वार्निश आहे, स्क्रीन चिकटते.

बारावीला गणितात एक्केचाळीस.
फिजिक्सला त्याहून तीन जास्त,
ते तीन कुठून आले मला अजून कळलेलं नाही.
इंटिग्रेशनचं लांब मानेचं चिन्ह
मी वहीत झकास काढायचे,
पाण्यात उभ्या बगळ्यासारखं.
पुढे काय करायचं, ते बगळ्यालाही ठाऊक नसायचं.

भावेशदादा म्हणाला, नको.
तो पुण्याला होता. एम-टू सुटता सुटेना,
चार वेळा फी, चार वेळा रात्रीची ट्रॅव्हल्स.
आता ठिबकच्या नळ्या विकतो, बऱ्या विकतो.
म्हणाला, पहिल्या वर्षी मोटार कोणी दाखवत नाही,
नुसती गणितं.
मोटार येईपर्यंत तू उरतेस का, ते बघ.
हसत सांगितलं असतं तर विसरले असते.

आईने बी.ए.चा फॉर्म आणून
पिठाच्या डब्याखाली ठेवलाय.
नुसता असू दे म्हणून.

पण छत्तीस खाचांचा स्टेटर
मला डोळे मिटून भरता येतो.
तार चिमटीत फिरवून गेज सांगता येतो.
चिनावलच्या वारकेकाकांची विहिरीवरची मोटार
दुसरीकडे दोनदा बांधून दोनदा जळली,
मग आमच्याकडे आली.
मी म्हटलं, मामा, वेढे कमी आहेत.
जळका गुंता सोडवत आम्ही मोजत बसलो,
चहा गार झाला.
कमी होते. प्रत्येक कॉइलला सात.
हे गणित होतं का?
तेव्हा कोणी तसं म्हटलं नाही.

मामाच्या फळीवर एक बिनकव्हरचं पुस्तक आहे.
त्यात बघून मी मांडलं:
एकशेवीस गुणिले पन्नास, भागिले चार.
पंधराशे.
मोटारीच्या पाटीवर मात्र चौदाशे चाळीस.
मी विचारलं, वरचे साठ कुठे गेले?
मामा कटर शोधत होता.
म्हणाला, कुठी जातीन? मांगे राह्यतात ते.
म्हनून तं फिरते ती.
बराबरीले आली का जोरच संपला तिचा.

मी हे स्वतःला लावून घेणार नव्हते.
रात्री अंथरुणावर लावलंच.
आणि लगेच दुसरंही आठवलं, तेही मामाचंच:
लोड झेपेना, फारच मागे पडली,
तर आधी गुणगुणते, मग तापते,
मग वास येतो.
तो वास मला माहीत आहे.
एक्केचाळीस म्हणजे साठने मागे
की वास येण्याइतकं मागे,
हे सांगणारं मीटर दुकानात नाही.

बाराला शेतीची थ्री-फेज आली.
केळीच्या बागांतून एकेक मोटार लागत गेली,
कुठे खरखर, कुठे बेअरिंग गेलेलं.
चिनावलच्या बाजूचा एक आवाज सरळ होता.
इतक्या लांबून वारकेकाकांची ऐकू येणं शक्य नाही.
मी तिचीच धरली.

पहिल्या ओळीत भरलं: इलेक्ट्रिकल, धुळे.
दुसऱ्या ओळीत: इलेक्ट्रिकल, जळगाव.
तिसरी बराच वेळ मोकळी ठेवली,
मग मोकळीच राहिली.

भावेशदादाला मेसेज केला,
जुनी पुस्तकं रद्दीत घातलीस का?
दोन टिका निळ्या झाल्या.
काहीच नाही.
मी वार्निशची बोटं रॉकेलने पुसली, साबण लावला,
तरी वास होताच.
मग उत्तर आलं:
माळ्यावर आहेत.
एम-टूचा गठ्ठा जड आहे,
सकाळी ये, दोघं मिळून उतरवू.